‘अतिश्रम’ म्हणजे नेमके किती?

आयुर्वेदीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होणारी रुग्णवृत्ते आम्ही आवडीने वाचत असतो. विश्वाची, अवबाहुक, अंसशोष अशा बाहुगत वातव्याधींची वृत्ते तर विशेष लक्षपूर्वक वाचतो, कारण असे रुग्ण आमच्याकडे नित्य येतात. या वृत्तांतून रुग्णाचे वय, प्रकृती, नाडी, कोष्ठ, अग्नी यांची नोंद असते. नस्याचे बिंदू किती, अभ्यंगाचे तेल कोणते, पिंडस्वेद किती दिवस, गुग्गुळकल्पाची मात्रा काय व अनुपान कोणते, हे सर्व काटेकोरपणे दिलेले असते. मग हेतूचा रकाना येतो. तेथे बहुधा एकच शब्द असतो : ‘अतिश्रम’. क्वचित ‘वातकर आहारविहार’. त्यापुढे पूर्णविराम.

चिकित्सेच्या रकान्यात एखाद्या वैद्याने ‘औषध : पुष्कळ’ एवढेच लिहिले, तर संपादक ते वृत्त परत पाठवतील. हेतूच्या रकान्यातील ‘अति’ मात्र विनातक्रार छापला जातो. यात दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवावे अशी आमची योग्यता नाही. आमच्या स्वतःच्या केसपेपरांवर वर्षानुवर्षे हाच शब्द आहे. हाताला पडणारे श्रम मोजता येतात, ते मोजणे वैद्याच्या आवाक्यातले आहे, आणि ते मोजल्यावाचून बाहुगत विकारांच्या चिकित्सेविषयी आपण जे सांगतो ते निम्मेच सिद्ध होते, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले हे प्रथम सांगतो.

कुणकेश्वराच्या परिसरात दवाखाना चालविताना रुग्णांचे हात पाहून ऋतू ओळखता येतो. महाशिवरात्रीची यात्रा आटोपते न आटोपते तोच हापूसचा हंगाम हाती येतो. झेल्याची लांब काठी डोक्यावर उंच धरून, मान मागे टाकून दिवसभर फळे उतरविणारे गडी खांदा धरून येऊ लागतात. फळांची प्रतवारी करून पेट्या भरणाऱ्यांची तक्रार अंगठ्याच्या मुळाशी असते. नौकांवर जाळी ओढणाऱ्या खलाशांचे कोपर व पंजा दुखतो. चिरेखाणीवर यंत्र धरणाऱ्यांची बोटे बधिर होतात. काजू बी फोडण्याच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांची तक्रार निराळीच, आणि बहुतेक जणी ती एकाच वाक्यात सांगतात : “डॉक्टरानू, रातीचे हात मरतत.” म्हणजे रात्री हाताला मुंग्या येतात, जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते. अर्वाचीन परिभाषेत याला कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. मनगटातील अरुंद मार्गात नाडीसूत्रावर दाब येऊन अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते.

या रुग्णांना आम्ही यथाशास्त्र स्नेहन, स्वेदन, नस्य व शमनौषधी देत आलो. चैत्र-वैशाखात आलेले रुग्ण आषाढापर्यंत पुष्कळसे बरे होत. आमच्या समाधानाला पारावार नव्हता. एका वर्षी सहज जुने केसपेपर चाळताना मनात शंका आली. वाताचा संचय ग्रीष्मात होतो व प्रकोप वर्षा ऋतूत होतो, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. त्या न्यायाने हे वातव्याधी पावसाळ्यात बळावले पाहिजेत. येथे तर ते पावसाळ्यात शमत होते. मग हे यश औषधाचे, की जूनमध्ये आंब्याचा हंगाम संपल्याचे आणि पावसाळी मासेमारीबंदीमुळे नौका किनाऱ्याला लागल्याचे?

आणखी बारकाईने पाहिले तेव्हा अस्वस्थता वाढली. ज्या स्त्रिया आंब्याचे काम संपताच तरवा काढायला व लावणीला शेतात उतरल्या होत्या, त्यांचे हात बरे झालेले नव्हते. औषध मात्र त्यांना तेच दिलेले होते. बागांतून हंगामापुरते येणारे नेपाळी कामगार दुसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांच्या केसपेपरांवर आम्ही काही लिहिले नव्हते, पण मनातल्या मनात त्यांना ‘उपशय’ या सदरात घातले होते. वस्तुतः ते आपल्या गावी परतले होते एवढेच. हंगामात कोणाचा हात किती चालला आणि नंतर किती थांबला, याची एका शब्दाने जरी नोंद असती तरी या प्रश्नाचे उत्तर आमच्याच कपाटात सापडले असते. ती नव्हती. होता तो ‘अतिश्रम’.

वास्तविक मोजमापाशी आपल्या शास्त्राचे वैर नाही. माष, कर्ष, पल, कुडव, प्रस्थ या मानांवाचून आपली एकही औषधी सिद्ध होत नाही. चरकाने शरीरातील द्रवधातू अंजलीने मोजले आणि अवयव अंगुलीने. विमानस्थानातील दशविध आतुरपरीक्षेत व्यायामशक्ती हा स्वतंत्र विषय आहे, व ती कर्मशक्तीवरून, म्हणजे रुग्ण किती काम करू शकतो यावरून, ओळखावी असे सांगितले आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा नियम तर सर्वांना ठाऊक आहे. त्यातील मर्म आमच्या मते ‘अर्ध’ या शब्दापेक्षा ‘शक्ती’ या शब्दात अधिक आहे. श्रमाचे माप ओझ्यावर ठरत नाही, ते ओझे उचलणाऱ्याच्या बलाच्या प्रमाणात ठरते. 5 किलोची पेटी एकाला हलकी, दुसऱ्याला जड. ‘अति’ हा शब्दही कोणाच्या तरी बलाच्या सापेक्ष आहे, आणि ते बल नोंदविल्यावाचून त्याला अर्थ राहत नाही. शोषनिदानात वर्णिलेले साहस हे याच न्यायाने आपल्या बलापलीकडचे कर्म होय.

यावरून ‘हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. ग्रंथकारांनी तत्त्व दिले. मिनिटाला किती वेळा, दिवसाला किती तास, मनगट किती वाकलेले, ही गणना त्यांनी केलेली नाही, आणि आपणही केली नाही. ती ज्यांनी केली त्यांच्याकडून ती घेण्यात कमीपणा नाही.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपला ग्रंथ 1700 मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता’ या प्रश्नाची भर घालावी, हा त्याचा आग्रह प्रसिद्ध आहे. लेखनिकांच्या हाताविषयी त्याने लिहिले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण, ही तीन कारणे त्याने दिली. उजवा हात निकामी झालेला एक लेखनिक डाव्या हाताने लिहिण्यास शिकला आणि काही काळाने तोही हात त्याच विकाराने गेला, हे उदाहरणही त्याचेच. निरीक्षण उत्तम होते, पण गणना त्याच्याकडेही नव्हती.

गणना आली ती पुष्कळ नंतर. अमेरिकेत बार्बरा सिल्व्हरस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 7 औद्योगिक ठिकाणच्या 39 प्रकारच्या कामांतील 652 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारले : हाताला जोर किती लागतो, आणि तीच हालचाल किती वेळा होते? जोर अधिक व आवर्तनेही अधिक अशा कामांतील लोकांत कार्पल टनल सिंड्रोमचा संभव, दोन्ही कमी असणाऱ्या कामांच्या तुलनेने, सुमारे 15 पट आढळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1997 मध्ये 600 हून अधिक अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यातही मनगटाच्या या विकाराबाबत निष्कर्ष असा होता की, जोर, आवर्तन, कंप यांपैकी प्रत्येकाचा संबंध पुराव्याने दिसतो, पण सर्वांत भक्कम पुरावा अनेक कारणे एकत्र येण्याचा आहे. केवळ मनगटाच्या वेड्यावाकड्या ठेवणीचा पुरावा मात्र पुरेसा नव्हता. आपण रुग्णाला ‘नीट बसत जा’ एवढे सांगून मोकळे होतो, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

पुढे 1995 मध्ये जे. स्टीव्हन मूर व अरुण गर्ग यांनी ‘स्ट्रेन इंडेक्स’ नावाची गुणाकाराची रीत मांडली. तिला आपण श्रमांक म्हणू. ती सहा गोष्टी पाहते : जोराची तीव्रता, कामाच्या वेळापैकी किती हिस्सा जोर लावण्यात जातो, मिनिटाला जोर किती वेळा लावावा लागतो, मनगटाची ठेवण, कामाचा वेग, आणि दिवसातील एकूण तास. प्रत्येकाला एक गुणक असतो व सहांचा गुणाकार करायचा. उत्तर 3 वा त्याहून कमी आले तर काम बहुधा निर्धोक, 7 वा अधिक आले तर बहुधा घातक. ही रीत डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातील निरीक्षणांतून निघाली, तिचे गुणक ठरविण्यात रचनाकारांच्या तारतम्याचा भाग आहे, आणि 2017 मध्ये तिची सुधारित आवृत्तीही आली. तेव्हा ती वेदवाक्य नव्हे. पण कागद, पेन्सिल व सेकंदकाट्याचे घड्याळ एवढ्यावर ती होते, म्हणून आमच्यासारख्या खेड्यातील वैद्याला ती मोलाची वाटते.

काजूचेच उदाहरण घेऊ. ‘काजूच्या कारखान्यात काम करते’ हे वाक्य हाताच्या दृष्टीने निरर्थक आहे, हे प्रथम ध्यानात यावे. वाफवून वाळविलेली बी कटरवर फोडणारी स्त्री एका हाताने बी पात्यांत धरते, दुसऱ्या हाताने दांडा ओढते व पायाने पायडल दाबते. तिच्या हाताला जोर लागतो. तिच्या शेजारी बसून फुटलेल्या बीतून गर मोकळा करणारीला जोर कमी, पण चिमटीचे काम अधिक, आणि टरफलाच्या तेलाने हात पोळतो तो वेगळाच. गराची साल काढणारीला जोर जवळजवळ नाही, आवर्तने मात्र अगणित. प्रतवारी करणारीच्या डोळ्यांना व मानेला श्रम अधिक. एकाच छपराखाली चार निरनिराळे हेतू नांदतात आणि आपण चौघींच्या कागदावर एकच शब्द लिहितो.

फोडणारीला आम्ही ‘दिवसाला किती’ असे विचारतो तेव्हा ती किलोत उत्तर देते, कारण मजुरी किलोवर असते. हे उत्तर फार उपयोगी आहे. मालकाच्या मजुरीच्या वहीत प्रत्येकीच्या श्रमाचे रोजचे माप वर्षानुवर्षे लिहिले जात आहे, फक्त ते पैशासाठी लिहिलेले असते. मात्र किलो आणि हालचाली ही एक गोष्ट नव्हे. वेंगुर्ला-7 या जातीची बी सुमारे 10 ग्रॅमची, वेंगुर्ला-4 ची सुमारे 7.7 ग्रॅमची. बारीक गावठी बी 5 ग्रॅमची धरू. हिशेबाकरिता दिवसाला 40 किलो बी फोडली असे मानले, तर मोठ्या बीचे 4000 वेळा, मधल्या बीचे सुमारे 5200 वेळा आणि बारीक बीचे 8000 वेळा दांडा ओढावा लागेल. मजुरी किलोवर सारखीच राहिली तर हालचाली दुप्पट झाल्या. बारीक बी आली की हात जास्त दुखतो, असे या स्त्रिया सांगतात. त्यात आता आम्हाला गूढ काही वाटत नाही.

आता श्रमांक काढू. 8000 वेळा म्हणजे 7 तासांत मिनिटाला सुमारे 19. त्याचा गुणक 2. जोर ‘काहीसा जड’ धरला तर गुणक 3. निम्म्याहून अधिक वेळ जोर लावण्यात जातो असे धरले तर 2. मनगट मध्यम वाकलेले, 1.5. वेग मध्यम, 1. तास 4 ते 8 च्या दरम्यान, 1. गुणाकार 18, म्हणजे घातक मर्यादेच्या अडीचपट. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपल्या गावच्या छपरात जाऊन स्वतः मोजावे. पण यापुढची गंमत पाहावी. याच स्त्रीचे काम आपण 7 तासांवरून 3 तासांवर आणले तर गुणक 1 चा 0.75 होतो व उत्तर 13.5 येते. मजुरी निम्म्याहून अधिक बुडाली आणि काम घातकच राहिले. त्याऐवजी पात्यांना वेळेवर धार लावून जोर ‘हलका’ झाला, तर 3 चा गुणक 1 होतो व उत्तर 6 येते. बसण्याची उंची बदलून मनगट सरळ केले तर 1.5 चा 1 होऊन उत्तर 4 वर उतरते. मजुरी तशीच राहिली.

‘बाई, काही दिवस कामावर जाऊ नका’ हे आपले नेहमीचे पथ्य. ते पाळले जात नाही आणि पाळले तर घरात चूल पेटत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी म्हणून आपण सांगतो, पण वर्जन नेमके कशाचे करावयाचे हे मोजल्यावाचून कळत नाही. येथे ते तासांचे वर्जन नसून बोथट पात्याचे होते.

मोजमापाच्या मार्गात खाचखळगे पुष्कळ आहेत. रुग्णाला विचारून लिहिले तर ज्याचा हात दुखतो त्याला काम जड वाटते, म्हणजे व्याधीच हेतूचे माप फुगविते. याकरिता जोराची पारख दुखत नसलेल्या सहकाऱ्याकडूनही करून घ्यावी. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची 0 ते 10 ची श्रमपट्टी त्यासाठी सोपी आहे, आणि अर्धशक्तीच्या आपल्या कल्पनेशी ती जुळतेही. स्वतः जाऊन पाहिले तर वैद्य समोर उभा असताना कोणी नेहमीच्या वेगाने काम करीत नाही. शिवाय एका तासाच्या पाहणीवरून वर्षाचा अंदाज बांधणे धाडसाचे. घरचे काम वेगळेच राहते : नारळ खवणे, पाणी शेंदणे, कपडे पिळणे. मधुमेह, गर्भावस्था, थायरॉइडची मंदता यांतही हात बधिर होतात, ते तपासलेच पाहिजे.

सर्वांत मोठी फसगत निराळीच आहे. आम्ही एकदा एका छपरात बसून सर्व स्त्रियांचे हात तपासले. अपेक्षेपेक्षा फारच थोड्या जणींना तक्रार होती. परत येताना मनात आले, हे काम वाटते तितके वाईट नसावे. मग लक्षात आले की, ज्यांचे हात गेले त्या त्या छपरात नव्हत्याच, त्या कधीच काम सोडून घरी बसल्या होत्या. रणांगणावर उभे असलेल्यांची गणती करून युद्धात कोणी मेले नाही असे म्हणण्यासारखे ते होते. जे काम सोडून गेले त्यांना घरी जाऊन भेटल्यावाचून ही गणना पूर्ण होत नाही. गावातील वैद्याला हे शहरातील संशोधकापेक्षा सोपे आहे, कारण त्याला घरे ठाऊक असतात.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू, कारण या त्रैमासिकाच्या वाचकांत फार्मसीचे मालक पुष्कळ आहेत. भावना देताना खलात तासन्तास फिरणारा हात, हाताने वळलेल्या वट्या, चूर्णाच्या पुड्या, आसवारिष्टांच्या बाटल्यांची झाकणे पिळून घट्ट करणे, लेबले चिकटविणे. यंत्रे आली तेथे आली, लहान निर्मितीशाळांत अजून मनगटच चालते. अस्थिसंधींवरचे गुग्गुळकल्प ज्या हातांनी बाटलीत भरले जातात, त्या हातांची तपासणी किती फार्मसींत होते? कायद्यानेही ती आठवण आपल्याला करून दिली नव्हती. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवावयाचे 29 रोग होते, शिसे, पारा, सिलिका यांचे विकार त्यांत होते, आवर्तनाने होणारा मनगटाचा विकार नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मात्र कार्पल टनल सिंड्रोम, अंगठ्याच्या मुळाशी होणारा स्नायुरज्जूंचा शोथ व कोपराचा विकार स्पष्टपणे नमूद आहेत.

फार्मसीवाल्यांना सांगण्यापूर्वी आम्ही आमचे सांगणे प्राप्त आहे. आमच्या पंचकर्म विभागात अभ्यंग करणारी परिचारिका काही वर्षे आमच्याकडे होती. हात उत्तम, रुग्ण तिचेच नाव घेत. एका हिवाळ्यात तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकविले की ती कळवळे, म्हणजे निदानात संशय नव्हता. आम्ही लेप दिला, गुग्गुळकल्प दिला, पट्टा बांधला आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांची यादी तिच्या हाती दिली. हे चार महिने चालले. त्या चार महिन्यांत आम्ही तिला एकदाही विचारले नाही की, दिवसाला किती अभ्यंग होतात? विचारण्याची गरजही नव्हती, कारण आमच्याच नोंदवहीत ते लिहिलेले होते, प्रत्येकाचे शुल्क जमा होते. मजुरीच्या वहीविषयी आम्ही काजूवाल्याला जे सांगतो ते आमच्या वहीलाही लागू आहे, हे फार उशिरा उमगले. शेवटी तिने काम सोडले. ती आज पोळपाटावर पोळी लाटताना हात बदलते, असे कळते.

त्यानंतर आम्ही जे केले ते साधे आहे. तैलद्रोणीची उंची परिचारिकेच्या कमरेच्या मापाने बदलता येईल अशी करून घेतली. सलग दोन अभ्यंगांमध्ये स्वेदनाचे वा नोंदीचे काम ठेवले. दाब अंगठ्याने देण्याऐवजी तळहाताने व अग्रबाहूने देण्याची सवय लावली. दिवसाचा आकडा दारामागे लिहिला जातो. उत्पन्न किंचित घटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

एका फार्मसीमालक स्नेह्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “वैद्यराज, मोजू लागलो की देणे लागेल.” त्यांचे भय खरे आहे. झाकणे पिळणाऱ्या हातांची गणना झाली, की तीत जे निघेल त्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न येणारच. पण न मोजल्यानेही देणे चुकत नाही, ते कामगार आपल्या मनगटाने देत असतो. आणि वरच्या हिशेबात दिसले त्याप्रमाणे पुष्कळदा उपाय स्वस्त निघतो : धार, उंची, कामाची अदलाबदल. आमच्या स्नेह्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.

रुग्णवृत्तांपुरती आमची सूचना संपादक मंडळाने विचारात घ्यावी. हात, कोपर वा खांद्याच्या विकाराचे कोणतेही वृत्त स्वीकारताना हेतूच्या रकान्यात पाच गोष्टींचा आग्रह धरावा. रुग्ण प्रत्यक्ष हाताने काय करतो, धंद्याचे नाव नको. ती हालचाल मिनिटाला किती वेळा, घड्याळ लावून मोजलेली. जोर 0 ते 10 मध्ये किती, रुग्णाच्या व एका निरोगी सहकाऱ्याच्या मते. दिवसाचे तास व वर्षातील महिने. आणि चिकित्सेच्या काळात हे काम चालू होते, कमी झाले की बंद होते. यांतील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आजवर कोणी दिलेली आमच्या पाहण्यात नाही. काम चालू असताना जो बरा झाला आणि काम बंद झाल्यावर जो बरा झाला, त्यांचे आकडे निराळे मांडले, तर आपल्या नस्याचे व तेलाचे खरे बळ किती हे प्रथमच दिसेल. ते आपल्या समजुतीपेक्षा कमी निघेल अशी भीती आम्हाला वाटते. अधिकही निघू शकेल.

आंब्याचा हंगाम फाल्गुनात सुरू होतो. त्यापूर्वी हा नमुना ठरला, तर जिल्ह्यातील दहा-बारा वैद्यांनी मिळून याच हंगामातील आकडे गोळा करणे शक्य आहे. आमच्याकडील कोरा कागद अर्ध्या पानाचा आहे, मागणाऱ्यास पाठवू.